गारुफालियाच्या टाकीतलं पाणी

क्रिनिओच्या हातची कॉफी अर्धी टाकून कुणी उठलंय, असं बावीस वर्षांत एकदाही झालं नव्हतं. त्या मे महिन्यात तीनदा झालं. पहिल्यांदा अथेन्सहून आलेल्या एका जोडप्याने कप तसाच ठेवला. शहरातली माणसं, त्यांना काय कळतंय, म्हणून तिने सोडून दिलं. दुसऱ्यांदा गावातल्याच पाद्रीबाबांनी दोन घोट घेतले आणि आज उपास आहे म्हणाले. उपास बुधवार-शुक्रवारचे, मग मंगळवारी कसला उपास, हे काही तिला विचारता आलं नाही. तिसऱ्यांदा मात्र तिने आपल्या डोळ्यांनी पाहिलं. सुकाणूपाशी उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्याने, स्तामातिसने, इकडेतिकडे बघून अख्खा कप समुद्रात रिकामा केला.

"काय रे, ओतलीस?"

"गार झाली होती."

"आत्ता तर हातात दिली तुझ्या. वाफ निघत होती."

स्तामातिसने रिकामा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "खरं सांगू का क्रिनिओ? रबरासारखी लागते. आजच नाही, गेल्या वर्षीपासून. काल कॅप्टनीणबाईच्या दुकानात प्यायलो, तेव्हा कळलं. तिची कॉफी कशी लागते माहितीय? कॉफीसारखी."

एवढं एकच वाक्य. पण क्रिनिओच्या छातीत ते गळासारखं जाऊन बसलं आणि नंतर किती ओढलं तरी निघेना.

'गारुफालिया' ही त्यांची लाकडी लाँच. नाव स्तामातिसच्या आईचं. सासूबाई जाऊन नऊ वर्षं झाली होती, तरी दर वसंतात त्यांचं नाव निळ्या रंगाने पुन्हा ठळक करायचं काम क्रिनिओच्याच वाट्याला यायचं. कालिम्नोस बेटाच्या धक्क्यावरून माणसं घ्यायची, आसपासच्या छोट्या बेटांवर न्यायची, संध्याकाळी परत आणायची, हा त्यांचा धंदा. सुकाणू आणि इंजिन स्तामातिसचं. कॉफी, बडीशेपेची कडक बिस्किटं, पिण्याचं पाणी आणि टाक्या भरणं क्रिनिओचं. त्यात तिला कुणी कधी काही शिकवायला गेलं नव्हतं.

आणि कॅप्टनीणबाई म्हणजे एव्हान्थिया. ती काही परकी नव्हती. क्रिनिओच्याच शाळेत एक वर्ग पुढे होती. एकोणिसाव्या वर्षी मोठ्या जहाजावरच्या कॅप्टनशी लग्न करून अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरात गेली, आणि गेल्या शरदात विधवा होऊन परत आली. बापाचं समुद्रातल्या स्पंजाचं जुनं गोदाम धक्क्यावरच होतं. ते झाडून, चुना लावून तिने तिथे बोटींच्या सामानाचं दुकान थाटलं. दोर, रंग, पंप, गाळण्या. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, अंगात पँट, आणि कुठला स्क्रू कुठल्या इंजिनाला लागतो ते तोंडपाठ. धक्क्यावरची सगळी बाप्येमंडळी तिथे पडीक असायची. एक नट आणायला गेलेला माणूस दोन तासांनी यायचा, आणि नट तिथेच विसरून यायचा.

हेही क्रिनिओने सहन केलं असतं. पण एक जुनी गोष्ट होती आणि ती सगळ्या बेटाला माहीत होती. वीस वर्षांचा असताना स्तामातिस वर्षभर एव्हान्थियाच्या दारावरून चकरा मारत होता. तिने कॅप्टनला हो म्हटलं तेव्हा तो तीन दिवस समुद्रावर गेला नव्हता. क्रिनिओशी त्याचं लग्न त्यानंतर सहा वर्षांनी झालं. लग्नात कुणी ते बोललं नाही, पण न बोलणाऱ्यांचे डोळेसुद्धा तिला आठवत होते.

आता स्तामातिस आठवड्यातून तीनदा दाढी करत होता.

जूनमध्ये एकदा तो दुकानातून आला तो बोलतच आला. "क्रिनिओ, ती विचारत होती आपण टाकी कशाने भरतो."

"ती म्हणजे कोण?"

"कोण काय! एव्हान्थिया. मी म्हटलं, हिरव्या पाइपने. तर तिने कपाळाला हात लावला. म्हणाली, तो बागेचा पाइप आहे. झाडांना पाणी घालायचा. तो मऊ राहावा म्हणून त्यात काय काय घातलेलं असतं, ते उन्हात पाण्यात उतरतं. शिवाय आत पाणी राहिलं की बुळबुळीत थर धरतो. पिण्याच्या पाण्याचा पाइप वेगळा येतो म्हणे. त्यावर पेला आणि जेवायच्या काट्याचं चित्र छापलेलं असतं."

"बावीस वर्षं याच पाइपने भरतोय. कोण मेलं?"

"याच नाही. आधी काळा होता. हा हिरवा परवा परवाचा, गेल्या वर्षीचा. तूच आणलास ना मिकेसच्या दुकानातून?"

आणलाच होता तिने. रंग आवडला म्हणून आणला होता. म्हणजे कॉफी बिघडली ती तिच्यामुळे, आणि ते शोधून काढलं कुणी, तर त्या बाईने. लाँचवर एकदाही पाय न ठेवता.

"तुला तिने सांगितलं म्हणून आता पाणीसुद्धा कडू लागायला लागलं," ती म्हणाली. "उद्या सांगेल बायको बदल. बदलशील?"

"कुठलं कुठे नेतेस गं!" स्तामातिस म्हणाला आणि इंजिनाच्या खड्ड्यात उतरला. पण उतरण्यापूर्वी तो हसला होता. ते हसू तिला दिवसभर पुरलं.

चारच दिवसांनी तो खांद्यावर पांढरा पाइप घेऊन आला. निळी रेघ असलेला, नीट वेटोळं केलेला, दोन्ही तोंडांना बुचं. बुचाला दोऱ्याने एक पुठ्ठ्याचा तुकडा बांधला होता आणि त्यावर सुबक, तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: "फक्त पिण्याच्या पाण्यासाठी. आधी पाच मिनिटं पाणी सोडून द्या. काम झालं की निथळवा, बुचं लावा, सावलीत ठेवा."

"स्वतः मोजून कापून दिला तिने," स्तामातिस म्हणाला. "आपल्या टाकीचं तोंड किती, तेही तिच्या लक्षात होतं."

"असणारच. तुझं काय तिच्या लक्षात नाही?"

"क्रिनिओ, अगं पाइप आहे हा."

"मग तूच भर यापुढे. तुझ्या बाईच्या पाइपने तूच भर. मी हात लावणार नाही."

पण तिने हात लावला.

जुलैच्या तेविसाव्या तारखेला, दुपारी, स्तामातिस पंपाचं रबर आणायला म्हणून दुकानात गेला. अर्धा तास झाला, तास झाला. क्रिनिओ लाँचवर एकटीच होती. धक्क्यावरून दुकानाचं दार दिसायचं. आत स्तामातिस स्टुलावर बसला होता आणि काहीतरी सांगताना दोन्ही हात हवेत फिरवत होता. घरी हल्ली तो हात न हलवता बोलायचा. एव्हान्थिया काउंटरवर कोपर टेकून ऐकत होती. मधेच ती मान मागे टाकून हसली.

क्रिनिओने पांढरा पाइप काढला, धक्क्यावरच्या नळाला लावला आणि डेक धुवायला घेतला. मग मासळीच्या टोपल्या धुतल्या. मग ऑक्टोपस मऊ करायला आपटायचा दगड. तेवढ्याने मन भरेना. लाँचच्या तळात इंजिनाखाली काळं, तेलकट पाणी साठलेलं असतं. फळी उचलून तिने पाइपचं तोंड त्या घाणीत खुपसलं आणि त्यानेच ती घाण ढवळली. नळ बंद केला तेव्हा पाइपने त्यातलं थोडं आत ओढून घेतल्याचा गुळगुळ आवाज तिला आला. तो आवाज तिला बरा वाटला. पाइप तिने निथळवला नाही. आतल्या पाण्यासकट दोन्ही बुचं घट्ट लावली, बाहेरून फडक्याने स्वच्छ पुसला आणि केबिनच्या टपावर, ऐन उन्हात, नीट वेटोळं करून ठेवून दिला.

"वर कशाला ठेवलास?" स्तामातिसने संध्याकाळी विचारलं.

"खाली पायात येतो."

आपण नेमकं काय करणार आहोत, हे तिने तेव्हा स्वतःलाही सांगितलं नव्हतं. चव बिघडेल, त्याच्या तोंडात जाईल, त्या बाईचं नाक खाली होईल, इतकंच. टाकी नुकतीच भरलेली होती, म्हणून चार दिवस उन्हात पाइप तापत राहिला. रोज येताजाता ती त्याच्याकडे बघायची आणि नजर वळवायची.

सत्ताविसाला संत पांतेलेइमोनची जत्रा. पलीकडच्या बेटावर त्यांचं छोटं चर्च आहे. दुखणाईत माणसं तिथे नवस फेडायला जातात. त्या दिवशी गारुफालियावर बसायला जागा नसते. सकाळी सहापासून धक्क्यावरच्या नळाला लाँचवाल्यांची रांग होती, मागचे ओरडत होते. स्तामातिसने टपावरून पाइप ओढला, टाकीत खुपसला आणि नळ सोडला. पाच मिनिटं पाणी सोडून द्यायला वेळ कुणाला होता! क्रिनिओ दारात उभी राहून बघत होती. तोंड उघडावं असं तिला एकदा वाटलं. तेवढ्यात स्तामातिस रांगेतल्या माणसाला म्हणाला, "बघ, खास पिण्याच्या पाण्याचा आहे. कॅप्टनीणबाईने निवडून दिलाय." तिने तोंड मिटलं.

चौतीस माणसं चढली. त्यांत क्रिनिओची कालोतिनामावशी होती. ब्याऐंशी वर्षांची, गुडघे गेलेले, काळा रुमाल, हातात मेणबत्त्यांची पुडी. लहानपणी आई गेल्यावर क्रिनिओला तिनेच वाढवलं होतं.

धक्का मागे पडला तसं क्रिनिओने छोट्या ओट्यावरचा नळ सोडला आणि लांब दांड्याचं कॉफीचं भांडं त्याखाली धरलं. वास आला. तिला वाटलं होतं त्यापेक्षा फार वाईट. तापलेलं प्लॅस्टिक, डिझेल, आणि त्याखाली डबक्यासारखं काहीतरी सडलेलं. भांडं ओतून टाकावं, असा हात झाला. पण छातीतला गळ हलला. तिने त्याच पाण्याची कॉफी केली, फेस वर आणला, बशीत बिस्किट ठेवलं आणि आधी नवऱ्याकडे नेली.

स्तामातिसने एक घोट घेतला आणि पाण्यात थुंकला. "हे काय आहे?"

"हे तुझ्या कॅप्टनीणबाईचं पाणी आहे," क्रिनिओ म्हणाली. तिचा आवाज गोड होता. "निवडून दिलंय ना तिने?"

तो खुळ्यासारखा कपाकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघायला ती दोन महिने थांबली होती. दोन क्षण तिला फार बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

मग ती वळली. मागच्या बाजूला प्रवाशांसाठी एक नळ होता. कालोतिनामावशी तिथे उभी होती, हातात स्टीलचा पेला. पेला अर्धा रिकामा होता आणि मावशी तोंड पुसत होती.

"मावशी! थुंक! थुंक ते!"

"काय झालं गं? गोळी घेतली. रक्तदाबाची."

"वास नाही आला तुला?"

"मला कसला वास येतोय या वयात! जरा कोमट आहे, एवढंच."

मावशीच्या मागे पेले, बाटल्या घेऊन पाचसहा माणसं उभी होती. एका बाईने बाटली नळाला लावली होती. क्रिनिओ बाकांवरून, माणसांच्या पायांवरून धावली, नळ बंद केला आणि त्याच्यापुढे पाठ करून उभी राहिली.

"कुणी पिऊ नका. टाकीतलं पाणी घाण आहे."

"पाइपमुळे?" सुकाणूवरून स्तामातिस ओरडला. "तिने दिलेला पाइप खराब निघाला की काय?"

तिथे तिला हो म्हणता आलं असतं. चौतीस माणसांनी ते बेटभर नेलं असतं आणि त्या दुकानाला महिन्याभरात कुलूप लागलं असतं. क्रिनिओने मावशीच्या हातातला पेला बघितला.

"पाइप चांगला होता," ती म्हणाली. "मी त्याने तळातली घाण ढवळली. मग बुचं लावून चार दिवस उन्हात ठेवला. मुद्दाम."

कुणीतरी छातीवर क्रूस काढला. स्तामातिसने लाँच फिरवली. एवढ्या उन्हात चौतीस माणसांना पाण्याशिवाय नेता येणार नव्हतं. मग त्याने फोन काढला. कुणाला लावला, ते क्रिनिओला विचारावं लागलं नाही.

धक्क्यावर एव्हान्थिया हातगाडी घेऊन उभी होती. गाडीवर बाटल्यांचे खोके रचलेले. तिने ते एकेक करून लाँचवर दिले. घ्यायला क्रिनिओच होती, दुसऱ्या कुणाचे हात मोकळे नव्हते. बारा खोके. दोघींची बोटं बारा वेळा एकमेकींना लागली. शेवटचा खोका देताना एव्हान्थिया एवढंच म्हणाली, "मावशीला उतरव. दवाखान्यात नेते मी."

"मी नेईन."

"तू गेलीस तर लाँचवर कोण बघणार? चढ तू."

मावशीला दुसऱ्या बाईच्या खांद्यावर हात टाकून जाताना बघणं, ही त्या दिवशीची सगळ्यात मोठी शिक्षा होती. जत्रेला माणसं तासभर उशिरा पोचली, मुख्य प्रार्थना संपत आली होती. येताजाता क्रिनिओशी कुणी बोललं नाही. स्तामातिसही नाही.

मावशीला दुपारी मुरडा आला, उलट्या झाल्या. डॉक्टरांनी सलाइन लावलं, रात्रभर ठेवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. क्रिनिओ तिच्या उशाशी भाताची पेज घेऊन बसली. मावशी अशक्त होती, पण जीभ तशीच होती.

"मला मारून त्याला धडा शिकवणार होतीस?"

"मावशी, तसं नको ना बोलूस."

"का नको? पोट माझं दुखतंय. तुझं तर केव्हापासून दुखतंय म्हणा, आणि त्यावर सलाइन नाही." मावशीने पेजेचा चमचा बाजूला सारला. "ती पोरगी काल रात्री नऊपर्यंत दवाखान्यात बसली होती. मला तिचा राग येईना, मी खूप प्रयत्न केला. जा तिच्याकडे."

"काय तोंड घेऊन जाऊ?"

"हेच. दुसरं आहे का?"

घरी स्तामातिस तीन दिवस फक्त कामापुरतं बोलला. चौथ्या दिवशी जेवताना त्याने काटा खाली ठेवला. "मला दुकानात बसायला आवडतं," तो म्हणाला. "ते मी नाकारत नाही. ती माझं ऐकते. पण मी तिथे काय करत होतो, असं तुला वाटलं?"

"हेच. तू बोलत होतास. हात हलवून."

त्याने काटा पुन्हा उचलला आणि ताटात नुसताच फिरवला.

पाचव्या दिवशी ती दुकानात गेली. दुपारची वेळ, आत कुणी नव्हतं. एव्हान्थिया शिडीवर उभी राहून दोराची बंडलं लावत होती. ती खाली उतरली नाही.

"पाइप न्यायला आलेय," क्रिनिओ म्हणाली. "टाकी तीनदा धुतली. क्लोरिन घालून रात्रभर ठेवली, खळखळून काढली. तो पाइप मात्र टाकून द्यावा लागला. आणि... माफ कर म्हणायला आलेय. आधी तेच म्हणायचं होतं."

"पुठ्ठ्यावरचं वाचलं होतंस?"

"पाठ झालं होतं."

"तुझ्यासाठीच लिहिलं होतं ते. टाकी तू भरतेस, असं तो म्हणाला होता." एव्हान्थिया आता खाली आली. जवळून तिचे डोळे थकलेले दिसत होते. "हे बघ क्रिनिओ, तो येतो ते मला आवडतं. खोटं कशाला बोलू? घरी गेले की भिंती. इथे तो बसतो, बडबडतो, बरं वाटतं. पण तो काय बडबडतो माहितीय? क्रिनिओच्या कॉफीला असा फेस यायचा, क्रिनिओच्या कॉफीचा वास धक्क्यापर्यंत यायचा. ऐकून ऐकून माझं डोकं उठलं होतं."

"मग तुझ्या कॉफीचं कौतुक करत होता तो!"

"माझी कॉफी!" एव्हान्थिया हसली, पण ते मान मागे टाकून हसणं नव्हतं. "मी घड्याळ लावून करते. बाटलीचं पाणी, दोन चमचे, तीन मिनिटं. दोन वर्षांपूर्वी आजारी पडले, तेव्हापासून मला वास येत नाही. चवही जवळजवळ नाहीच. कॉफी काय, डिझेल काय, मला सारखंच. त्याचा हेवा वाटायचा मला. म्हणजे तुझा."

क्रिनिओला यावर काय वाटलं, ते तिला धड सांगता आलं नसतं. कीव आली, हे खरं. पण त्याच्या आधी एक बारीकसा आनंदही झाला होता, आणि त्याची तिला लाज वाटली.

"मग पाइप कसा निवडतेस?"

"छापलेलं वाचते. पेला आणि काटा, पाणी किती गरम चालेल, कारखान्याचं प्रमाणपत्र. अपाय होणार नाही एवढं त्यावरून कळतं. चव कशी येईल, ते कागदावर नसतं." तिने काउंटरखालून तीन वेटोळी ओढून काढली. "तुझं नाक आहे. तूच बघ."

एक पाइप पारदर्शक होता, आत जाळी विणलेला. दुसरा तोच, पांढरा, निळ्या रेघेचा. तिसरा गडद निळा, जाड, वळवायला हट्टी. पारदर्शक क्रिनिओने लगेच बाजूला केला. "आतून उजेड जातो. आठवड्यात हिरवा होईल. आमच्या अंगणातल्या बाटल्या होतात तसा." एव्हान्थियाने मान डोलावली. "मीही तेच सांगते लोकांना. तरी नेतात, आत काय चाललंय ते दिसतं म्हणून."

उरलेल्या दोन्हींचे वीतभर तुकडे कापले. तीन बरण्या उकळून घेतल्या. दोन बरण्यांत एकेक तुकडा आणि बाटलीचं पाणी, तिसरीत नुसतं पाणी, तुलनेला. झाकणं लावून खिडकीत उन्हात ठेवल्या. "उद्या ये," एव्हान्थिया म्हणाली. आणि मग, झाकणं पुन्हा एकदा आवळत, "उपाशीपोटी ये. कॉफी न पिता."

"मला शिकवू नकोस," क्रिनिओ म्हणाली. पण ती उपाशीपोटीच आली.

तिने आधी नुसतं पाणी तोंडात फिरवून थुंकलं. मग पांढऱ्या पाइपची बरणी नाकाशी धरली, घोट घेतला, जिभेच्या मागे नेला आणि डोळे मिटले. एव्हान्थिया तिच्या तोंडाकडे बघत होती, परीक्षेचा निकाल ऐकायला बसल्यासारखी.

"वास नाही. पण मागे लागतं. नवी बरणी उघडली की येते तशी चव. अगदी थोडी." तिने निळ्याच्या बरणीतला घोट घेतला. पुन्हा घेतला. "हे पाणी आहे. नुसतं पाणी."

"नक्की?"

"तुझ्या कारखान्याच्या कागदापेक्षा नक्की."

एव्हान्थियाने चष्मा डोळ्यांवर चढवला, काढला. "पांढरा मी अकरा बोटींना विकलाय," ती हळू म्हणाली.

"अपाय नाही ना त्याने?"

"नाही. वापरून वापरून चवही जाईल कदाचित. पण मी सांगितलं होतं, हा सगळ्यात उत्तम. सगळ्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं." तिचे गाल लाल झाले होते. तिने निळ्या पाइपचं वेटोळं स्वतःकडे ओढलं आणि परत ढकललं. "तुला एका घोटात कळतं. माझी सहा महिन्यांची हुशारी!"

हा स्वर क्रिनिओच्या ओळखीचा होता. तिने तो दोन महिने आपल्याच घशातून ऐकला होता.

निळा पाइप घेऊन ती लाँचवर गेली. नळाला लावून पाच मिनिटं नाही, पंधरा मिनिटं पाणी सोडून दिलं. रांगेतला एकजण कुरकुरला, त्याच्याकडे तिने असं बघितलं की तो गप्प झाला. टाकी भरली, पाइप दोन्ही बाजूंनी उंच धरून निथळवला, बुचं लावली आणि आतल्या कपाटात खुंटीवर टांगला. हिरव्याला डेक धुण्यासाठी वेगळी खुंटी दिली, लाँचच्या दुसऱ्या टोकाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्तामातिस लाँचच्या कठड्याला रंग देत होता. दुकानाचं दार उघडलं आणि एव्हान्थिया बाहेर आली. काखेत निळ्या पाइपचं वेटोळं, हातात वही. तिच्या मागोमाग क्रिनिओ, दोन्ही हातांत झाकण लावलेल्या बरण्या. स्तामातिसने ब्रश डब्यात ठेवला. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, तो उठून केबिनच्या आड गेला आणि तिथून बघू लागला.

दोघी धक्क्याच्या टोकापर्यंत चालत गेल्या. एव्हान्थियाची पावलं लांब होती आणि ती पँट तिला शोभत होती. क्रिनिओला ते आवडलं नाही. आपण कधी अशा चाललो असतो का, असं तिच्या मनात आलं आणि छातीत जुन्या जागी टोचलं. तिने बरण्या सांभाळल्या आणि पावलं जरा लांब टाकली.

पहिली बोट स्पंज काढणाऱ्या म्हाताऱ्या निकितासची होती. तो डोक्यावर बनियन बांधून जाळं शिवत बसला होता. दोघींना एकत्र बघून त्याची सुई हवेतच राहिली.

"निकितासकाका," एव्हान्थिया म्हणाली, "मी तुम्हाला पांढरा पाइप दिला होता. चुकीचा नाही, पण याहून चांगला आहे. बदलून देते. ही तुम्हाला दोन्हींची चव दाखवायला आलीय."

"काय म्हणता!" म्हातारा म्हणाला. त्याने आधी एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे. "आणि प्यायचं कुणी? मी? हिने दिलेलं?"

क्रिनिओचं तोंड उतरलं. एव्हान्थियाने तिच्या हातातली एक बरणी घेतली, झाकण उघडलं, मोठा घोट प्यायली आणि बरणी म्हाताऱ्यापुढे केली.

"घ्या," ती म्हणाली. "मला चव विचारू नका, ती हिला विचारा."